शनिवार की रविवार? इथिओपियाने दिलेले तिसरे उत्तर

ख्रिस्ती माणसाने सातव्या दिवसाचा, म्हणजे शनिवारचा शब्बाथ आजही पाळावा काय? या प्रश्नाची दोन ठाम उत्तरे समाजमाध्यमांत सतत फिरत असतात. पहिले असे, की येशू आणि त्याचे शिष्य शनिवारच पाळत होते. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने सूर्यपूजकांना खूश करण्यासाठी तो रविवारवर ढकलला. दुसरे असे, की प्रेषितांच्या काळापासून समस्त ख्रिस्ती जगाने केवळ रविवारच पाळला आणि शनिवारचा आग्रह ही एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी पंथांची टूम आहे. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीत. या धाग्यात त्यांची कारणे पाहू. त्यासाठी रोममध्ये थोडाच वेळ थांबू. खरा मुक्काम इथिओपियात करायचा आहे.

प्रथम कॉन्स्टंटाइन. मार्च ३२१ चा त्याचा कायदा अस्सल आहे. न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांनी सूर्याच्या वारी विश्रांती घ्यावी, असे तो सांगतो. परंतु त्याआधी सुमारे पावणेदोनशे वर्षे, इ. स. १५५ च्या सुमारास, रोममध्ये राहणारा जस्टिन मार्टर हा लेखक ख्रिस्ती लोक याच वारी एकत्र जमत असल्याचे नोंदवतो : वाचन, प्रवचन, भाकर व द्राक्षारस, आणि अनाथ-विधवांसाठी वर्गणी. त्याच्याही आधी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस शब्बाथ सोडून ‘प्रभूच्या दिवसा’नुसार जगण्याची भाषा करतो. तेव्हा उपासनेचा वार सम्राटाने बदलला, हे म्हणणे टिकत नाही. सम्राटाने दिली ती सुट्टी. जमण्याचा दिवस आणि विसाव्याचा दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या वादातील निम्मा गोंधळ त्या एकच मानल्यामुळे होतो. दुसऱ्या शतकातील रोमन शहरांत रविवार हा कामाचाच दिवस होता.

आता दुसरे उत्तर. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात आशिया मायनरमधील लावदिकीया येथे भरलेल्या धर्मसभेचा २९ वा नियम ख्रिस्ती लोकांना बजावतो, की यहुद्यांप्रमाणे शब्बाथी रिकामे बसू नये, त्या दिवशी काम करावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा मजकुराकडे उलट्या बाजूने पाहावे. जे कोणी करतच नाही, त्यावर बंदी कोण घालील? गंमत म्हणजे याच सभेचा १६ वा नियम शनिवारी शुभवर्तमानांचे वाचन व्हावे असे सांगतो. पाचव्या शतकातील इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ सॉक्रेटिस नव्हे, कॉन्स्टँटिनोपलचा) तर लिहितो, की जगभरातील जवळजवळ सर्व चर्चे शनिवारी पवित्र विधी करतात. अलेक्झांड्रिया आणि रोम हेच काय ते अपवाद. पूर्वेकडील चर्चांत कित्येक शतके दोन्ही वार शेजारी शेजारी नांदत होते.

या सहवासाचे सर्वांत विलक्षण रूप इथिओपियात दिसते. तेथील चर्चचा प्रमुख बिशप अलेक्झांड्रियाहून पाठवला जाई, आणि अलेक्झांड्रिया केवळ रविवारच्या बाजूची. चौदाव्या शतकात एवोस्तातेवोस नावाच्या मठाधिपतीने याविरुद्ध आवाज उठवला : दहा आज्ञांमध्ये जो दिवस आहे तो रद्द करण्याचा अधिकार कोणासही नाही, रविवार पाळाच, पण शनिवारही पाळा. विरोध इतका वाढला, की १३३७ च्या सुमारास तो देश सोडून इजिप्त, जेरुसलेम, सायप्रस असा फिरत आर्मेनियात पोहोचला आणि १३५२ मध्ये तेथेच वारला. त्याच्या अनुयायांना दीक्षा नाकारली गेली, अनेक ठिकाणांहून हुसकावले गेले. त्यांनी उत्तरेकडील डोंगराळ भागात, आजच्या एरिट्रियात, स्वतःचे मठ उभारले. बिशपकडून पुरोहित मिळणार नाहीत तर न मिळोत, अशा जिद्दीने त्यांनी कित्येक दशके काढली. सम्राट दावितने १४०४ मध्ये त्यांना दोन्ही दिवस पाळण्याची मुभा दिली. पुढे सम्राट झरा याकोबने १४५० मध्ये देब्रे मित्माक येथे सभा भरवली आणि इजिप्तहून आलेल्या दोन्ही बिशपांनी शनिवारला मान्यता दिली. परागंदा होऊन मेलेल्या माणसाचे मत शंभर वर्षांच्या आत राष्ट्रीय चर्चचा नियम झाले.

आता आपल्या किनाऱ्याकडे. सोळाव्या शतकात इथिओपियाला ‘खऱ्या’ ख्रिस्ती मार्गावर आणण्याच्या जेझुइट मोहिमेची सूत्रे गोव्यातून हलत होती. १५५५ मध्ये गोव्याहून गेलेल्या एका जेझुइटाने तेथील आचारांत यहुदी अंश दाखवले, तेव्हा सम्राट गलावदेवोसने त्याच वर्षी आपले श्रद्धानिवेदन लिहून उत्तर दिले. त्याचा आशय असा : आम्ही शनिवार यहुद्यांप्रमाणे पाणी न भरता, चूल न पेटवता पाळत नाही, आम्ही त्या दिवशी प्रभुभोजन करतो, प्रीतिभोजन घालतो. म्हणजे दिवस जुना, आशय नवा. मला हे उत्तर या साऱ्या वादातील सर्वांत परिपक्व उत्तर वाटते.

ते गोव्यातील धर्मसत्तेला पटणे अवघड होते. पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या लेखी शुक्रवारी सायंकाळी दिवे लावणे, शनिवारी धुतलेले कपडे घालणे, ही गुप्तपणे यहुदी असल्याची खूण होती. १५६० मध्ये तिचे न्यायासन गोव्यातही आले. (त्याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेस, कुलाब्याच्या गावांत, मराठी बोलणारे बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवत आणि ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात.) पुढे सम्राट सुसेन्योसने कॅथलिक मत स्वीकारून शनिवार पाळण्यास बंदी घातली आणि देशभर बंडे उसळली. अखेर १६३२ मध्ये त्याने जुना धर्म पुन्हा सुरू करून गादी पुत्र फासिलिदासकडे सोपवली. जेझुइटांना देश सोडावा लागला. त्यांचा धर्मप्रमुख अफोन्सो मेंदेस गोव्यास परतला.

मग पाळावा की नाही? बंधन म्हणून नाही, असे माझे मत आहे. यहुदेतर ख्रिस्ती लोकांवर काय लादावे याचा निर्णय जेरुसलेमच्या सभेत झाला, तेव्हा ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथानुसार चार गोष्टी वर्ज्य ठरल्या. शब्बाथाचा त्यांत उल्लेख नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल दिवसांची निवड ज्याच्या त्याच्या खात्रीवर सोडतो. शब्बाथवादी यावर म्हणतात, की जे सर्वांना मान्यच होते ते लिहिण्याची गरज नव्हती. युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही; पण मौनावर आज्ञा उभी करणे मला धाडसाचे वाटते. मात्र याच न्यायाने रविवारलाही ‘आज्ञापित शब्बाथ’ म्हणता येत नाही. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर श्रद्धानिवेदनाने सातव्या दिवसाची आज्ञा पहिल्या दिवसावर चिकटवली, आणि तिथे १८६३ मध्ये संघटित झालेल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांचा प्रश्न बिनतोड ठरतो : आज्ञा अजून लागू असेल, तर वार कोणी बदलला?

जो स्वेच्छेने शनिवार पाळतो, त्याला ‘यहुदी वळणाचा’ म्हणून हिणवण्याचा अधिकार मात्र कोणालाच पोहोचत नाही. लावदिकीयापासून गोव्यापर्यंत या शब्दाने युक्तिवाद क्वचितच केला, माणसे वेगळी काढण्याचे काम अधिक केले.

आणखी एक मुद्दा, जो दोन्ही पक्ष सहसा टाळतात. ‘अनुवाद’ या ग्रंथात शब्बाथाचे कारण मिसरातील गुलामीची आठवण हे दिले आहे, आणि विसावा दास, दासी, परका आणि बैल यांनाही मिळावा असे स्पष्ट म्हटले आहे. ३२१ च्या कायद्याने मात्र पेरणीचा हंगाम हुकू नये म्हणून शेतीला सूट दिली. वार कोणताही असो, बैल आणि त्याच्यामागचा माणूस त्या दिवशीही शेतातच राहिला.