सही केली म्हणजे मान दिली काय?

‘कोणतेही कारण न देता सेवा केव्हाही समाप्त करता येईल.’ नेमणूकपत्रातले हे वाक्य घेऊन आमच्याकडे पोरं येतात, ती आधीच हरलेली. म्हणतात, साहेब, सही तर आम्हीच केली! घरातला पहिला पगार आणणारा पोरगा सही करणार नाही तर काय करील?

1986 साली ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ओळखले. तीन महिन्यांच्या नोटिशीवर कायम नोकराला घालवणाऱ्या नियमाला त्याने आठव्या हेन्री राजाचे कलम म्हटले आणि ते रद्दबातल ठरवले. दुबळ्याची सही ही खुषीची सही नव्हे.

पण ते महामंडळ सरकारी होते. खासगी कंपनीत आधार कामगार कायद्याचाच. वर्षभर सलग राबलेल्या कामगाराला कमी करताना लेखी कारणासह महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. 2025 मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हे टिकले आहे. मात्र मुदतीची नेमणूक संपली, तर ती कपात धरत नाहीत. मालकाला एवढी पळवाट पुरते! तेव्हा ‘केव्हाही’ या शब्दाला भिण्याआधी नेमणूकपत्रात मुदतीची तारीख आहे का ते पाहा, आणि एक प्रत घरी ठेवा.