पोट फुगतंय? अंगावर काढू नका

चंदगड तालुक्यातल्या आयाबहिणींनो, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं की तुम्ही दवाखाना गाठता, आणि ते बरोबरच आहे. गर्भाशयाचा कॅन्सर बहुतेक वेळा असाच लवकर कळतो. अंडाशयाचा कॅन्सर सहसा अशी खूण दाखवत नाही, म्हणूनच तो जास्त घातक आहे. 2022 साली जगभरात गर्भाशयाच्या कॅन्सरच्या सुमारे 4 लाख 20 हजार नव्या रुग्ण सापडल्या आणि त्या आजाराने एक लाखाहून कमी बायका गेल्या. अंडाशयाच्या नव्या रुग्ण होत्या सव्वातीन लाखांच्या आसपास, मृत्यू मात्र दोन लाखांवर.

अंडाशय म्हणजे काजूच्या बीएवढा अवयव, ओटीपोटात खोल दडलेला. तिथली गाठ वाढायला भरपूर मोकळी जागा असते. तिच्या पेशी सुटून पोटभर पसरतात, पोटात पाणी साठतं, आणि तोवर बाई ओवा चावत, पित्ताची गोळी घेत दिवस काढते. पहिल्या टप्प्यात सापडलेल्या बहुतेक बायका बऱ्या होतात, पण बहुतेक बायका सापडतात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला तपासणीने अडवता येतं, हे आपल्याच महाराष्ट्राने दाखवून दिलं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. ज्या गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी एकदाच झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. अंडाशयासाठी ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांचा असाच अभ्यास झाला. दर वर्षी रक्त किंवा सोनोग्राफी तपासूनही मृत्यू कमी झाले नाहीत, असा निकाल 2021 मध्ये आला. म्हणजे शिबिरात पॅप तपासणी चांगली आली म्हणून अंडाशयाची खात्री मिळत नाही. ती तपासणी जरूर करा, पण ती गर्भाशयमुखाची असते. अंडाशयाच्या बाबतीत तुमची स्वतःची तक्रार हीच पहिली खबर.

तक्रार कशी असते? पोट फुगलेलं राहतं. अर्ध्या भाकरीतच पोट भरतं. ओटीपोटात दुखतं, लघवीला सारखं जावं लागतं. दंड वाळतात, चोळी सैल होते आणि परकराची नाडी मात्र पुरत नाही. असं दिसलं तर जाड झाले म्हणून सोडून देऊ नका. यातलं एखादं लक्षण नव्याने सुरू झालं असेल आणि महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस जाणवत असेल, तर रोप लावण आटोपू दे, काजूची सुगी जाऊ दे, असं म्हणत थांबू नका. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला गॅस तर तपासून घ्यायलाच हवा.

‘माझी पिशवी काढलीय, मला कशाला होतंय?’ असं पुष्कळ जणी म्हणतात. पिशवी काढताना अंडाशयं बऱ्याचदा आतच ठेवतात, आणि तरुण बाईच्या दृष्टीने ते योग्यही असतं. तुमची काढली की ठेवली, हे ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड शोधा आणि डॉक्टरांना दाखवा.

चंदगडच्या ग्रामीण रुग्णालयात जा, तिथून गडहिंग्लजला किंवा जवळच्या बेळगावला जावं लागलं तरी जा. ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगू नका, कधीपासून आणि महिन्यातून किती दिवस तेही सांगा. पोटाची सोनोग्राफी आणि सीए 125 ही रक्ताची तपासणी लागेल का, हे स्वतःहून विचारा. सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणून लगेच हाय खाऊ नका. तरुण वयातल्या पाण्याच्या गाठी बहुतेक साध्या असतात. पण डॉक्टरांना गाठ कॅन्सरची असल्याचा संशय आला, तर ऑपरेशन कॅन्सरच्या सर्जनकडूनच करून घ्या. गाठ न फुटता, पूर्ण निघणं फार महत्त्वाचं असतं. खर्चाची धास्ती वाटते, हे समजतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि केमोथेरपी बसते. दाखल होण्याआधीच त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

आणि घरातल्या पुरुषांनो, तुमच्या आईला, बहिणीला किंवा आत्याला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर ते लेकीपासून लपवू नका. या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष बापाकडूनही लेकीत उतरतो. लग्न जमायचंय म्हणून ही गोष्ट दाबून ठेवली, तर डॉक्टरांनी विचारल्यावर ती पोरगी सांगणार काय?