संगणकावरील खेळ मंद कां चालतो?

आमच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यांत ‘लॅग’ हा शब्द हल्लीं वारंवार ऐकूं येतो. संगणकावरील खेळ अडखळूं लागला कीं मुलगा वडिलांकडे नव्या लॅपटॉपची मागणी करतो. आणि वडील एक तर ‘खेळणेंच बंद कर’ असें म्हणून विषय संपवितात, किंवा हप्ते बांधून घेऊन दुकानदाराच्या स्वाधीन होतात. हे दोन्ही मार्ग आम्हांस सारखेच गैर वाटतात. दोहोंतही रोगाची नाडी कोणी पाहिलेलीच नसते.

प्रथम त्या शब्दाविषयींच. त्याच्या आड दोन निरनिराळे विकार दडलेले आहेत. इंटरनेटवरून इतरांबरोबर खेळतांना संदेश उशिरां पोंचले, तर आपली गोळी उशिरां लागते, पण चित्र सुरळीत हलत असतें. दुसऱ्या विकारांत चित्रच अडखळतें. ज्या खेळास इंटरनेट लागत नाहीं तोही असाच चालत असेल, तर दोष जोडणीचा नव्हे, यंत्राचा होय. येथें विचार या दुसऱ्याचा आहे.

हलणारें चित्र म्हणजे सिनेमाप्रमाणें एकामागून एक येणारीं स्थिर चित्रें. सेकंदास ६० चित्रें दाखवावयाचीं तर एकेका चित्रास सुमारें १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० दाखवावयाचीं तर ३३.३. एवढ्या अवकाशांत प्रोसेसरनें शत्रू कोठें, भिंत कोठें, याचा हिशेब करावयाचा आणि ग्राफिक्स चिपनें प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवावयाचा. बैलजोडींतला एक बैल थकला कीं गाडी त्याच्याच चालीनें जाते, येथेंही तेंच.

थकलेला बैल कोणता, हें ओळखण्याची एक बिनखर्चाची परीक्षा आहे. खेळाच्या सेटिंग्जमध्यें रिझोल्यूशन १९२० × १०८० असेल तें १२८० × ७२० करावें. पहिल्यांत २०,७३,६०० ठिपके असतात, दुसऱ्यांत ९,२१,६००. म्हणजे ग्राफिक्स चिपचें ओझें निम्म्याहून कमी झालें. खेळ लगेच सुधारला तर अडचण त्या चिपची समजावी. कांहींच फरक पडला नाहीं तर बहुधा प्रोसेसर मागें राहत आहे, आणि अशा वेळीं महागडें ग्राफिक्स कार्ड घेणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें होय.

खेळ एरवीं बरा चालून मधूनमधून गोठत असेल, तर टास्क मॅनेजर उघडून रॅम भरली आहे काय, तें पाहावें. रॅम भरली कीं संगणक उरलेली माहिती डिस्कवर ठेवूं लागतो, आणि डिस्क रॅमहून फारच मंद असते. मागें उघडा ठेवलेला ब्राउझर बंद केल्यानेंही पुष्कळदां काम भागतें. ज्या लॅपटॉपमध्यें स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसतें, त्यांत ग्राफिक्स चिप मुख्य रॅमच वापरते. अशा यंत्रांत रॅमची एकच पट्टी असून दुसरी जागा रिकामी असेल, तर तशीच दुसरी पट्टी बसविल्यानें माहितीस दोन वाटा मिळतात व खेळ बराच सुधारतो. नवें यंत्र विकण्याऐवजीं हा उपाय सुचविणारा दुकानदार भेटला, तर त्यास सोडूं नये.

पहिलीं दहा मिनिटें खेळ नीट चालतो आणि मग मंदावतो, ही उष्णतेची खूण. चिप फार तापली कीं स्वतःस वांचविण्यासाठीं ती आपला वेग आपणच कमी करते. पंख्यांत सांचलेली धूळ, वैशाखांतली खोली, आणि गादीवर ठेवल्यामुळें लॅपटॉपच्या बुडाशीं कोंडलेला वारा, हीं नेहमींचीं कारणें. लॅपटॉप टेबलावर ठेवण्यास खर्च येत नाहीं. आणखी एक: चार्जर काढून केवळ बॅटरीवर खेळलें असतां पुष्कळ लॅपटॉप मुद्दामच हळू चालतात.

‘वेग वाढविणारे’ म्हणून जे फुकट प्रोग्रॅम मिळतात, त्यांविषयीं आमचें मत वाईट आहे. चिपच्या अंगीं नसलेलें बळ कोणत्याही प्रोग्रॅमनें येत नाहीं. व्हायरस मात्र येऊं शकतो.

जुनें यंत्र असणें ही लाजेची गोष्ट मुळींच नव्हे. १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला, तेव्हां त्यांतील इंटेल ८०८० प्रोसेसरला पडद्यावरील सगळे शत्रू झपाट्यानें हलवितां येत नव्हते. शत्रू मरत जात तसा खेळ वेगवान होई. निशिकादोंनीं तें वैगुण्य तसेंच ठेवलें, आणि तीच त्या खेळाची गंमत ठरली. उलट २००७ सालीं जर्मनींतील क्रायटेकचा ‘क्रायसिस’ निघाला, तेव्हां सर्वांत उंची सेटिंग्जवर तो चालवितांना त्या काळचीं महागडीं यंत्रेंही दमलीं.

म्हणून पालकांस आमची सूचना अशी कीं, मुलानें किंवा मुलीनें मागणी करतांना निदान कागदावर लिहून आणावें: कोणता भाग मागें पडतो, तें कशावरून ठरविलें, बिनखर्चाचे उपाय करून किती फरक पडला. असा कागद हातीं आल्यावर पैसे द्यावे कीं न द्यावे, हें ठरविणें सोपें जाईल. यंत्रास खेळ झेपतच नाहीं असें निघालें, तर ग्राफिक्स चिपच्या अडचणींत आधीं सांवल्यांची प्रत कमी करावी; त्या चिपवर सांवल्यांचा भार फार पडतो, आणि त्या थोड्या पुसट झाल्या तरी खेळांत कांहीं बिघडत नाहीं.