डोळ्यातील कुसळ : आधी खोली पाहावी, मग काढावे

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. खळ्यावर खरेखुरे कुसळ डोळ्यात जाते, तेव्हा मात्र ते दिसताच काढण्याची घाई होते आणि तेथेच घात होतो. नागपूर विभागात भात, सोयाबीन, तूर वा गहू यांच्या मळणीच्या वेळी पदराच्या टोकाने, सुईने किंवा जिभेने कण काढण्याची रीत अद्याप आढळते. ती सोडून दिली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बुबुळावरील पारदर्शक पडद्यास पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी केवळ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. वरवर रुतलेला आणि आरपार गेलेला कण नुसत्या नजरेस सारखाच भासू शकतो. आरपार गेलेले कुसळ ओढल्यास आतील पाणी बाहेर येऊन डोळाच धोक्यात येतो.

नेत्रवैद्य प्रथम स्लिट लॅम्पखाली डोळा पाहतात. बहुतेक कणांचा निर्णय तेथेच होतो. खोलीविषयी शंका राहिल्यास ओसीटी हे तंत्र उपयोगी पडते. 1991 साली जगापुढे आलेले हे तंत्र प्रकाशाच्या साहाय्याने, डोळ्यास स्पर्श न करता, पारपटलाचा उभा छेद दाखविते. जमिनीचे थर पाहण्यासाठी आपण खड्डा खणतो; येथे न खणताच थर दिसतात.

घणाचा घाव घालताना लोखंडाची कपची उडून डोळ्यात शिरली असेल, तर क्ष-किरण वा सीटी स्कॅन उपयोगी ठरतो. तूस किंवा काटा क्ष-किरणांत सहसा दिसत नाही. लोखंडाची शंका असताना एमआरआय करू नये. चुंबकाच्या ओढीने कण आत सरकतो. म्हणून डोळ्यात काय गेले व कसे गेले, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. योग्य तपासणीची निवड त्यावरच अवलंबून असते.

एवढ्याशा कणासाठी शहर का गाठावे, असे कोणी विचारील. काडीकचऱ्याबरोबर बुरशी आत गेली तर पारपटलावर जखम होऊन फूल पडते, हे त्याचे उत्तर होय. स्टेरॉइडचे थेंब मनाने घातल्यास बुरशी अधिकच फोफावते.

सुटा कण स्वच्छ पाण्याने धुवावा. रुतलेल्या कणास हात लावू नये, डोळा चोळू वा दाबू नये, आणि त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व मेयो रुग्णालय येथे नेत्रविभाग आहेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मळणीयंत्राच्या प्रत्येक प्रात्यक्षिकात संरक्षक चष्मा स्वतः लावून दाखवावा. बियाण्याची उगवणशक्ती तपासल्याविना आपण पेरणी करीत नाही; मग खोली तपासल्याविना डोळ्यास सुई का लावावी?