यादी आधी, कूपन नंतर

इथल्या सुपरमार्केटच्या पावतीच्या तळाशी एक ओळ छापलेली असते. 'आज तुम्ही अमुक इतके डॉलर वाचवलेत.' ही ओळ म्हणजे शुद्ध थाप आहे असं माझं मत झालंय. आणि हे मत मला फुकटात मिळालेलं नाही. त्यापायी तीन महिने, एक अख्खं कपाट आणि साईज दोनच्या डायपरची पाच खोकी खर्ची पडली आहेत. म्हणून म्हटलं, आपली फजिती सांगूनच टाकावी. कोणाला उपयोग झाला तर झाला.

गोष्ट २०२३ च्या जानेवारीतली. आम्ही न्यू जर्सीत. त्या महिन्यात सॉफ्टवेअर कंपन्यांमधून माणसं काढायची जी लाट आली, तिच्यात बायकोची नोकरी गेली. लेक तेव्हा चार महिन्यांची. एच-वनवर असलेल्या माणसाला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरं काही जमलं नाही, तेव्हा ती एच-फोरवर आली. माझ्या ग्रीन कार्डाची गाडी अजून पहिल्याच स्टेशनात होती, त्यामुळे तिला काम करायची परवानगी मिळायचा प्रश्नच नव्हता. घरभाडं तेवढंच, पगार मात्र एक.

घरात रडारड वगैरे काही झाली नाही. पण रात्री लेकीला झोपवून आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो आणि एकमेकांकडे न बघता आकडेमोड करायचो. भाडं कमी होणार नव्हतं, विमा कमी होणार नव्हता. हातात राहिला तो घरखर्च. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अरे, कूपनं का नाही वापरत?" झालं! प्रोग्रामरला कोणी सिस्टिम आहे म्हणून सांगितलं की त्याला चैन पडतं का?

कूपनचा खेळ अमेरिकेत जुना आहे. १८८० च्या दशकाच्या शेवटी कोका-कोलाने ग्लासभर पेय फुकट द्यायची कूपनं वाटली होती, म्हणजे सव्वाशेच्या वर वर्षं झाली. टीएलसी वाहिनीवर २०११ पासून 'एक्स्ट्रीम कूपनिंग' नावाची मालिका लागायची. तिच्यात बायका गाड्याच्या गाड्या भरून सामान नेताना आणि काउंटरवर चिल्लर मोजून देताना दिसायच्या. आता रविवारच्या पेपरातल्या कूपनच्या पुरवण्या बारीक झाल्यात आणि बराचसा खेळ दुकानाच्या ॲपवर गेलाय. नियम मात्र थोडेच आहेत, ते सांगतो.

कूपन दोन प्रकारचं. एक कंपनीचं, दुसरं दुकानाचं. कंपनीच्या कूपनचे पैसे दुकानाला कंपनीकडून परत मिळतात, दुकानाच्या कूपनचे दुकान स्वतः सोसतं. एका वस्तूवर कंपनीचं एकच चालतं, पण बऱ्याच दुकानांत त्याच्या जोडीला दुकानाचंही एक लावता येतं. प्रत्येक दुकानाचं धोरण वेगळं असतं, तेव्हा ते आधी वाचावं. वस्तू सेलमध्ये असताना दोन्ही लावली की खरी मजा. कूपनवर 'एका खरेदीला एक' लिहिलं असेल तर ते वस्तूमागे एक असतं, 'एका व्यवहाराला एक' असेल तर अख्ख्या बिलात एकच. हा फरक मी काउंटरवर, मागे सहा माणसं ताटकळत असताना शिकलो. सेलमधला माल संपला असेल तर काही दुकानं 'रेनचेक' देतात, म्हणजे माल आला की जुन्या भावात घ्यायची चिठ्ठी. जरूर मागावी. आणि झेरॉक्स कधीही काढू नये, ती सरळ सरळ फसवणूक आहे.

एवढं कळल्यावर मी कामालाच लागलो. एक्सेल शीट, तारखा, रंग! तीन महिन्यांत पावत्यांवरची 'बचत' जमवली ती भरली सहाशे बारा डॉलर. मी मोठ्या ऐटीत बायकोला शीट दाखवली. तिने शांतपणे क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट पुढे ठेवलं. कूपनच्या आधी आमचा किराणा आणि घरसामान महिन्याला साधारण पाचशे चाळीस डॉलरचं होतं. कूपन सुरू केल्यावर ते पाचशे नव्वद झालं होतं.

दिवसभर ऑफिसात लोकांना 'चुकीची मेट्रिक मोजू नका' म्हणून शहाणपण शिकवणारा मी, घरात मात्र नेमकी चुकीची मेट्रिक मोजत बसलो होतो. न घेतलेल्या महागाईचा हिशोब ठेवला आणि खिशातून गेलेल्या पैशाचा ठेवलाच नाही.

कपाट उघडलं की कारण दिसत होतं. टूथपेस्टच्या बावीस ट्यूबा. मोहरीच्या सॉसच्या नऊ बाटल्या. आमच्या घरात तो सॉस कोणी खात नाही. आणि ती डायपरची खोकी. कूपन होतं म्हणून साईज दोनची सात खोकी एकदम घेतली, आणि दोन संपेपर्यंत लेक साईज तीनमध्ये गेली. पोरं कूपनची मुदत बघून वाढत नाहीत :) उरलेली पाच खोकी आम्ही जवळच्या फूड पँट्रीत देऊन आलो. तिथे रांगेत लहान मुलं घेऊन आलेल्या आया होत्या. त्यांना बघून मला स्वतःच्या 'काटकसरी'ची लाज वाटली, हे कबूल करतो.

मे महिन्यात आई आली. पहिल्याच दिवशी तिने ते कपाट उघडलं. "काय रे, वाण्याचं दुकान काढायचंय का?"

मी तिला सगळी सिस्टिम समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पण हे सगळं तुमच्या यादीत होतं का?"

यादी! डोंबिवलीला आई मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद होती. १९७५ मध्ये सुरू झालेली ही संस्था. शेजारपाजारची घरं मिळून एक संघ करायचा, प्रत्येकाने पुढच्या महिन्याला काय लागणार ते आधीच लिहून द्यायचं, मग माल एकगठ्ठा घाऊक भावात यायचा आणि सगळ्यांनी मिळून तो वाटून घ्यायचा. दर महिन्याला कोणाच्या तरी घरी तूरडाळीच्या आणि साखरेच्या पिशव्यांचा ढीग लागलेला मला आठवतो, आणि पिशव्या पोचवायला आम्ही पोरं. यादी देताना समोर भाव असायचा, पण मोह पाडणारं शेल्फ नसायचं. घरात काय शिल्लक आहे ते डबे उघडून बघूनच आई यादी भरायची.

कूपन नेमकं उलटं चालतं. ते आधी स्वस्ताई दाखवतं आणि मग गरज शोधायला लावतं. कंपनी ते छापते ते तुमच्या यादीतली वस्तू स्वस्त करायला नव्हे, यादीत नसलेली वस्तू यादीत घुसवायला. एकदा हे डोक्यात बसलं की मग कूपन खुशाल वापरा.

आता आमचं कसं चालतं बघा. शनिवारी सकाळी आधी डबे उघडायचे, मग यादी, आणि मगच ॲप. यादीतल्या वस्तूचंच कूपन शोधायचं. कूपन लावल्यावरचा भाव दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडशी ताडून बघायचा. उदाहरणार्थ, चौसष्ट धुण्यांचा नामांकित डिटर्जंट १२.९९ डॉलरला, वर तीन डॉलरचं कूपन, म्हणजे धुण्यामागे साडेपंधरा सेंट. शेजारी दुकानाचा स्वतःचा, शंभर धुण्यांचा, ११.९९ ला. धुण्यामागे बारा सेंट, कूपनशिवाय! शिवाय न्यू जर्सीत कंपनीचं कूपन लावलं तरी विक्रीकर मूळ किमतीवरच लागतो, तोही धरायचा. साठा करायचा तो दोन महिन्यांचा, आणि ज्या वस्तू नासत नाहीत किंवा तोकड्या होत नाहीत त्यांचाच.

आणखी एक. आपल्या घरातला निम्मा बाजार तूरडाळ, तांदूळ, कणीक आणि भाजी. त्यावर कंपनीची कूपनं क्वचितच निघतात. ती निघतात सीरियल, चिप्स आणि गोठवलेल्या पिझ्झावर. तेव्हा मराठी घरात कूपनची सत्ता साबण, डिटर्जंट, टूथपेस्ट आणि डायपरपुरती. तेवढ्यात जे वाचेल ते खरं. कूपन आहे म्हणून जेवण बदललं तर ते जास्त महागात पडतं.

त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत खर्च साधारण चारशे पंचावन्नवर आला. महिन्याला पंचाऐंशी डॉलर. पंचाऐंशी डॉलरने व्हिसा सुधारत नाही की गेलेली नोकरी परत येत नाही. पण रात्री टेबलाशी बसल्यावर एकमेकांकडे बघता यायला लागलं, हे काय कमी आहे?

आई परत जाताना म्हणाली, "टूथपेस्ट चार दे रे, बॅगेत जागा आहे." अजून सहा शिल्लक आहेत. कोणाला हव्यात का?