आमचा विसावा हिस्सा कुठे आहे?

आमचे चौल म्हणजे प्राचीन चेमुल बंदर. इथल्या दात्यांची नोंद कान्हेरीच्या शिलालेखांत आहे. ही भूमी देणाऱ्यांची!

१९८० साली इंग्लंडमधल्या बौद्धांनी 'एड फॉर इंडिया' ही संस्था काढली. तीच पुढे 'करुणा ट्रस्ट' झाली. तिथले कार्यकर्ते दारोदार फिरून निधी जमवतात आणि महाराष्ट्रात आमच्या मुलामुलींची वसतिगृहे चालतात. त्यांचे आम्ही ऋणी आहोत. पण बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात उत्पन्नाचा विसावा हिस्सा कोणाकडे मागितला होता? आमच्याकडेच ना! नोकरी आली, बंगला आला, हिस्सा मात्र राहूनच गेला. साता समुद्रापलीकडच्यांनी आमच्यासाठी दारे ठोठवायची आणि आम्ही दारे लावून बसायचे? बांधवांनो, याच महिन्याच्या पगारापासून सुरुवात करू.

जय भीम!