थंड हवा सगळ्यांच्या वाट्याला

मे महिना आला की आमच्या कडेगावातून कुटुंबंच्या कुटुंबं महाबळेश्वरला निघतात. आजी-आजोबा, मुलगा-सून, लेक-जावई, नातवंडं. ऐकायलाच किती छान वाटतं! परतलेल्या बायकांना मी हमखास विचारते, "काय काय बघितलंत?" पोरं पॉइंटांची नावं घडाघडा सांगतात. सून म्हणते, "सकाळी नाष्टा, दुपारी जेवण, रात्री परत तेच. नुसती चूल बदलली." आणि आजी? "गुडघे दुखतात बाई, मी खोलीवरच बसले."

मग मैत्रिणींनो, सहल नेमकी कुणाची झाली?

दहा माणसांना दोन्ही वेळ हॉटेलात जेवणं परवडत नाही, म्हणून शेगडी आणि पीठ-मीठ बांधून नेतात. ते मला पटतं. पण शेगडी नेली म्हणजे तिच्यापुढं सुनेनंच बसायचं, असं कुठं लिहिलंय? एक वेळ पुरुषांनी खिचडी टाकावी, एक वेळ बाहेर खावं, वाटेत धपाटे-चटणी आहेच. मात्र हे घरूनच ठरवून निघावं. तिथं गेल्यावर 'तूच कर गं पटकन' हेच कानावर येतं.

आजींचंही तसंच. आधी त्यांचे गुडघे बघा, मग ठिकाणं ठरवा. प्रतापगडाच्या पायऱ्या जमणार नाहीत. पण वाईचा ढोल्या गणपती आहे, पाचगणीचं टेबललँडचं सपाट पठार आहे. पसरणी घाटात पोटात ढवळतं, तेव्हा पुढची सीट त्यांना द्या. आणि गाडी तासा-दीड तासानं थांबवा. स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीनं म्हाताऱ्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे आपल्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार?

खर्चाचं म्हणाल, तर एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. त्यामुळं 'आई, तुम्ही घरीच थांबा' म्हणायला पैशाचं कारण उरत नाही.

आजी बरोबर हवी, याला आणखी एक कारण आहे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. त्यातल्या कृष्णेचं पाणी कराडजवळ टेंभूला उचलून आपल्या दुष्काळी तालुक्यात आणलं जातं. नातवंडांना पाणी नळातून येतं एवढंच ठाऊक. घागरी वाहून जिची मान दुखली, तिनं त्या गोमुखापाशी उभं राहून पाण्याची गोष्ट सांगावी. ती खोलीवर बसली, तर पोरांना ती गोष्ट कोण सांगणार?

यंदा बॅगा भरण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवा. कामं वाटून घ्या, आणि पहिलं ठिकाण आजींना निवडू द्या.